पाण्याच्या मागे मागे: खोपोली ते कोयना गाडीनं. वरून खाली की खालून वर?

उतारावरचा दगड

पाऊस ओसरला की घाटात गाड्या काढणाऱ्यांना धबधबे, किल्ले आणि मिसळ यांपलीकडे काही सुचत नाही. म्हणून एक वेगळी वाट इथे मांडतोय. बघण्याची गोष्ट एकच: सह्याद्रीच्या धारेवर पसरलेलं, शंभरी ओलांडलेलं आणि अजून चालू असलेलं एक यंत्र.

घाटमाथ्यावर पडणारा पाऊस एरवी पूर्वेला वाहून भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जातो. तो माथ्यावरच अडवायचा, बोगद्यातून कड्याच्या तोंडाशी आणायचा आणि नळातून कोकणात सोडायचा. त्याच्या जोरावर चाकं फिरवायची. टाटांचं खोपोली वीजघर १९१५ चं, भिवपुरी १९२२ चं, भिरा १९२७ चं. हाच डाव सरकारनं पुढे साठच्या दशकात कोयनेला मोठ्या पटावर मांडला.

ढोबळ मार्ग असा: पनवेल – खोपोली – शिंग्रोबा घाट – लोणावळा – घुसळखांब – भांबर्डे – ताम्हिणी – विळे – भिरा – कोलाड – चिपळूण – कुंभार्ली – कोयनानगर – कराड. चार दिवस, तीन मुक्काम. गाडी साधी हॅचबॅक, फोर बाय फोर नाही.

प्रश्न दोन. एक, खोपोलीपासून सुरू करून पाणी उलटं चढत जावं, की वळवण धरणापासून पाण्याबरोबर उतरावं? दोन, वाटेत काय घालावं आणि काय गाळावं? जाणकारांनी लिहावं. "छान कल्पना" एवढंच लिहायचं असेल तर निदान एक टपरी सुचवा.

भाकरवडी

छान कल्पना. कर्जतचा वडा.

पेल्टनराव

खालूनच सुरुवात करा. वर उभं राहून तलाव बघितला तर तो नुसता तलाव दिसतो. आधी नळ बघितले की मग वरच्या पाण्याकडे बघण्याची नजरच बदलते.

खोपोलीला डोंगरावरून उतरणारे जाड नळ जुन्या हमरस्त्यावरून दिसतात, पण बहुतेक लोक "ती पाइपलाइन" म्हणून पुढे जातात. तिथे पाच मिनिटं थांबून तीन गोष्टी बघा. नळ जिथे जिथे वळतो तिथे काँक्रीटचा घरभर मोठा ठोकळा आहे. पाणी वळताना नळाला बाहेर ढकलतं, तो जोर हा ठोकळा झेलतो. दोन ठोकळ्यांच्या मध्ये नळ खोगीरासारख्या आधारांवर नुसता टेकलेला असतो. उन्हानं लांबला तर सरकायला जागा हवी, म्हणून तो तिथे जखडत नाहीत. तिसरी गोष्ट दिसत नाही, समजून घ्यावी लागते: वरच्या टोकाला पत्रा पातळ असतो आणि खाली येता येता जाड होत जातो.

आता हिशोब. वरचं पाणी आणि खालचं चाक यांत उंचीचा फरक सव्वापाचशे मीटरच्या आसपास. म्हणजे तळाशी दाब दर चौरस सेंटिमीटरला ५२ किलो. तुमच्या गाडीच्या टायरात सव्वादोन असतो. या दाबाचं पाणी तोटीतून बाहेर पडतं ते ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या वेगानं. ते चाकाच्या कडेला बसवलेल्या वाट्यांवर आदळतं. प्रत्येक वाटीच्या मधोमध धारदार कणा असतो. त्यावर धार दुभंगते, दोन्ही बाजूंनी मागे वळते आणि आपला जवळजवळ सगळा जोर चाकाला देऊन खाली गळून पडते. चाकाचा वेग धारेच्या निम्म्याच्या जवळ ठेवला की हे जमतं. हेच पेल्टन चाक.

सेकंदाला एक घनमीटर पाणी या उंचीवरून सोडलं की नुकसान वजा जाता साधारण ४.४ मेगावॉट मिळतात. आजचं खोपोली ७२ मेगावॉटचं आहे, म्हणजे पूर्ण भारावर सेकंदाला सोळा-सतरा घनमीटर. मुठा नदी पुण्यात दुथडी भरून वाहते त्याच्यापुढे हे काहीच नाही. उंची असली की पाणी थोडं पुरतं, घाटाची सगळी गंमत यात आहे.

तिसरा गिअर

पेल्टनराव, एक शंका. शहरात अचानक वीज गेली, भार सुटला, तर चाक सुसाट सुटेल ना? पाणी तर येतच असतं.

पेल्टनराव

सुटेल. पण नळाचा पडदा धाडकन बंद केला तर अख्ख्या नळभर धावणारं पाणी जागच्या जागी थांबतं आणि दाब उसळून नळ फाटतो. घरात नळ पटकन बंद केला की भिंतीतून 'ठक' आवाज येतो, तेच पण हजारपट. म्हणून दोन पायऱ्या असतात. आधी धारेच्या तोंडाशी एक पोलादी पातं आडवं येतं आणि धार चाकावरून बाजूला उडवतं. त्याला एक-दोन सेकंद पुरतात. मग तोटीतली सुई हळूहळू पुढे सरकून तोंड बंद करते. चाक वाचतं, नळही वाचतो.

मावळकन्या

वरच्या अंगाचं थोडं. लोणावळा, वळवण आणि शिरवटा हे तिन्ही तलाव खोपोलीसाठी. लोणावळा धरणाची कोनशिला ८ फेब्रुवारी १९११ ला बसली आणि खोपोली वीजघर फेब्रुवारी १९१५ मध्ये सुरू झालं. चार वर्षांत धरणं, कालवे, नळ आणि परळपर्यंत एक लाख व्होल्टची तार! काम संपता संपता पहिलं महायुद्ध पेटलेलं, आणि यंत्रं तर युरोपातून आलेली.

भिवपुरीसाठी पाणी येतं ठोकरवाडीच्या तलावातून. ही नदी 'आंध्रा', मावळातलीच, आंध्र प्रदेशाशी काही संबंध नाही. कंपनीच्या जुन्या नावात 'आंध्र व्हॅली' वाचून लोक उगाच गोंधळतात. शिवाय पाटबंधारे खात्याचं आंद्रा धरण वेगळं, तळेगावच्या बाजूला. ठोकरवाडीला जायचं तर कान्हे फाट्यावरून टाकवे बुद्रुक मार्गे.

आणि सर्वांना विनंती, धरणाच्या भिंतीवर जायचा हट्ट नको. ही सगळी संरक्षित ठिकाणं आहेत. वीजघरांत परवानगीशिवाय प्रवेश नाही, फाटकाशी फोटो काढला तरी हटकतात. ड्रोन तर डिकीतसुद्धा नको. रस्त्यावरून जे दिसतं त्यावरच बेत आखा.

नकाशेवाला

भिवपुरी घालणार असाल तर ही खूण लक्षात ठेवा. नकाशात नुसतं 'भिवपुरी' टाकलं की तो भिवपुरी रोड स्टेशनवर नेतो, नेरळ आणि कर्जतच्या मध्ये. वीजघर तिथे नाही. 'भिवपुरी कॅम्प' शोधा, कर्जतहून पूर्वेला डोंगराच्या पायथ्याशी.

रुळावरचा

वाट घाटातून जाते आणि रेल्वेचं नाव नाही? निषेध.

बोरघाटातली चढण हे या भागातलं पहिलं मोठं यंत्र. खंडाळा–पुणे गाडी १८५८ मध्येच सुरू झाली होती, खाली खोपोलीपर्यंत रूळ आलेले होते आणि मधला घाट प्रवासी पालखीतून, तट्टावरून पार करत. तो तुकडा २१ एप्रिल १८६३ ला जोडला गेला. साधारण २५ किलोमीटर, २५ बोगदे, जास्तीत जास्त चढ ३७ ला १. एका वेळी चाळीस हजारांवर मजूर कामावर होते. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये आल्यावर थोड्याच दिवसांत वारला, तर त्याच्या बायकोनं, अ‍ॅलिस ट्रेडवेलनं, कंत्राट स्वतःकडे घेतलं, दोन अनुभवी अभियंते नेमले आणि काम तडीस नेलं. घाटात तिच्या नावाची पाटी कुठे बघण्यात नाही.

खंडाळ्याजवळ गाडी एका फाट्यावर जाऊन थांबायची आणि इंजिन दुसऱ्या टोकाला घेऊन उलट्या दिशेनं पुढे चढायची. कड्यावर वळण घ्यायला जागा नव्हती, म्हणून ही युक्ती. १९२९ मध्ये नवी वाट झाली आणि हा उलटफाटा बंद पडला.

आज बघायचं ते हे: कर्जतला चढणाऱ्या गाडीला मागून ढकलणारी इंजिनं लावतात. पुढून एकट्यानं ओढलं तर मधल्या जोडण्यांवर ताण येतो, म्हणून मागून रेटा. उतरणाऱ्या गाडीसाठी कॅच सायडिंग आहेत. काटा मुळातच चढावर जाणाऱ्या बाजूच्या फाट्याकडे लावलेला असतो. गाडी ठरल्या जागी थांबली, म्हणजे ब्रेक ताब्यात आहेत हे सिद्ध झालं, की मगच मुख्य रूळ मिळतो. सुटलेली गाडी आपोआप फाट्यावर चढून दमते.

तिसरा गिअर

म्हणजे रेल्वेवाले आधी "ब्रेक लागतात का दाखव" म्हणतात, मग खाली सोडतात. आपल्याकडे गाडीवाले थेट न्यूट्रलमध्ये.

ताम्हिणी आणि कुंभार्ली, दोन्हींसाठी एकच नियम: ज्या गिअरमध्ये हा घाट चढला असतात त्याच गिअरमध्ये उतरा. हॅचबॅकला म्हणजे बहुतेक दुसरा, मधल्या सरळ तुकड्यांवर तिसरा. ब्रेक सतत दाबून ठेवू नका. दाबा, वेग उतरवा, सोडा. जळका वास आला किंवा पेडल मऊ लागायला लागलं की रुंद जागा बघून पंधरा-वीस मिनिटं थांबा. तापलेल्या चाकावर पाणी ओतू नका, डिस्क वाकडी होते आणि मग ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं. ऑटोमॅटिक असेल तर 'डी' वर ठेवून भागत नाही, 'एल' किंवा मॅन्युअल घ्या. आणि चढणाऱ्या गाडीला आधी वाट. धुक्यात चारही इंडिकेटर लावून चालवू नका, मागच्याला तुम्ही वळताय की थांबलाय ते कळत नाही.

भाकरवडी

'धुक्यात चारही इंडिकेटर' हे वाक्य फ्रेम करून ताम्हिणीत लावा.

चार्जर शोधतोय

इलेक्ट्रिक गाडीनं जमेल का हा मार्ग?

तिसरा गिअर

जमेल. मुक्काम लोणावळा, कोलाड, चिपळूण असे पडतात, तिथे रात्री चार्जिंग मिळेल असं हॉटेल आधी बोलून ठरवा. मधल्या घुसळखांब–भांबर्डे पट्ट्यात चार्जरची आशा ठेवू नका.

एक खोच लक्षात ठेवा. लोणावळ्याहून शंभर टक्के भरून निघू नका. बॅटरी पूर्ण भरलेली असली की उतारावर गाडी वीज परत घेत नाही, मग सगळा भार नुसत्या ब्रेकवर. ८०–८५ टक्क्यांवर ताम्हिणीच्या तोंडाशी पोचा. दीड-पावणेदोन टनांची गाडी ५०० मीटर उतरली की दोन-सव्वादोन युनिटांएवढी ऊर्जा मोकळी होते. त्यातली निम्मीशिम्मी तरी बॅटरीत येते.

पेल्टनराव

तुमची गाडी म्हणजे चालतंफिरतं भिरा. तिथे नेमकं हेच चालतं. मूळ वीजघर २५ मेगावॉटच्या सहा संचांचं. पुढे १५० मेगावॉटचा एक संच असा बसवला की तो उलटाही फिरतो: मागणी कमी असताना खालचं पाणी वर मुळशीत चढवायचं, संध्याकाळी मागणी वाढली की तेच पुन्हा सोडायचं. चढवायला जेवढी वीज लागते त्यापेक्षा कमी परत मिळते, पण ती हव्या त्या वेळी मिळते, म्हणून परवडतं.

मुळशीचा ढग

इतका वेळ गप्प बसलो होतो. 'वारसा वारसा' म्हणून सगळे नळांचे पत्रे मोजताहेत आणि मुळशीचं नाव आलं ते फक्त पाणी साठवायला.

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. त्या दिवशी मुळशी खोऱ्यातल्या मावळ्यांनी धरणाच्या कामावर सत्याग्रह केला. 'जान किंवा जमीन' ही घोषणा. ५२ गावांच्या जमिनी पाण्याखाली जाणार होत्या, आणि त्या जमिनी १८९४ च्या भूसंपादन कायद्यानं एका खासगी कंपनीसाठी घेतल्या गेल्या. पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले ते याच लढ्यात, बरोबर विनायकराव भुस्कुटे. लढा १९२४ पर्यंत चालला आणि हरला. धरण झालंच. धरणाविरुद्धची लोकांची पहिली संघटित लढाई म्हणून जगभर तिचं नाव घेतलं जातं.

म्हणून भांबर्ड्याहून निवे गावाशी ताम्हिणी रस्त्याला लागलात की डावीकडे जो शांत निळा तलाव दिसतो, तिथे गाडी थांबवून पाचच मिनिटं बसा. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या देवळांचे अवशेष वर येतात. ऑक्टोबरात काही दिसत नाही, तेव्हा तर जास्तच बसा.

उतारावरचा दगड

मुळशीचा ढग, चूक मान्य. मूळ बेतात निवे नुसता वळणाचा फाटा होता, आता तो थांबा केला.

रुळावरचा

मग हिशोब पूर्ण करा. ही वीज गेली कुठे? गिरण्यांना. मुंबईच्या गिरण्या तोवर कोळशाच्या वाफेवर चालत. कोळसा लांबून यायचा, महाग पडायचा आणि गिरणगावाच्या डोक्यावर धूर. परळला तार उतरली ती म्हणूनच. घाटात ज्यांची शेतं बुडाली आणि खाली गिरणीत जे साचे (माग) चालवत, ते पुष्कळदा एकाच मुलखातले.

सातारी तिखट

आणि तुमची घाटातली आगगाडीही टाटांच्याच विजेवर धावायची ना?

रुळावरचा

इथेच गफलत होते. कल्याण–पुणे विजेवर गेलं १९२९ मध्ये, १५०० व्होल्ट डीसीवर. त्यासाठी जीआयपी रेल्वेनं (आजच्या मध्य रेल्वेची आधीची कंपनी) ठाकुर्लीला स्वतःचं कोळशाचं वीजघर उभारलं होतं, चोळा पॉवरहाऊस. म्हणजे घाटाच्या पायथ्याशी फुकटचं पाणी वीज करतंय आणि रेल्वे कोळसा जाळून वीज करतेय! त्या काळची मालगाडीची इंजिनं मधे सांधा असलेली, दांड्यांवर चालणारी आणि चालताना कण्हल्यासारखा आवाज करणारी. कामगार त्यांना 'खेकडा' म्हणत.

भाकरवडी

खेकडा म्हटलं की चिपळूण. कधी पोचतोय आपण?

वाशिष्ठीकाठ

पोचवतो. पण त्याआधी कोलाड. भिऱ्याचं वापरलेलं पाणी कुंडलिकेत पडतं आणि वाटेत राज्याचं ८० मेगावॉटचं आणखी एक वीजघर ते पुन्हा वापरतं. कोलाडला बारमाही राफ्टिंग चालतं ते याच पाण्यावर. साधारण सकाळी पाणी सुटतं, नदी तासाभरात फुगते आणि दुपारपर्यंत पुन्हा गोट्यांची होते. वेळ विजेच्या मागणीवर ठरते, म्हणून आदल्या संध्याकाळी राफ्टिंगवाल्यांकडे विचारून घ्या. राफ्टिंग करायचं नसेल तरी पुलावरून बघा. आणि कोरडं दिसतंय म्हणून पात्रात उतरून बसू नका.

खोपोलीचं पाणी पाताळगंगेला, भिवपुरीचं उल्हासला. या दोन्ही नद्या उन्हाळ्यात वाहतात त्या डोंगरावरच्या धरणांमुळे. कल्याण-अंबरनाथच्या पट्ट्यात नळाला पाणी येतं त्यातही याचा मोठा वाटा.

सातारी तिखट

आणि तेच पाणी भीमेच्या खोऱ्यातून वळवलेलं. सोलापूरला उन्हाळ्यात टँकर लागतात आणि इकडे चाळीस टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) वर पाणी दरवर्षी डोंगरापलीकडे. कोयनेचे साडेसदुसष्ट टीएमसी वेगळे. वारसा म्हणायचं तर या भांडणाचाही आहे.

वाशिष्ठीकाठ

भांडण खरं आहे, पण तो वेगळा धागा होईल आणि तीनशे प्रतिसादांत बंद पडेल. कोयनेकडे वळतो.

कोलाड ते चिपळूण सव्वाशे-दीडशे किलोमीटर, नव्या महामार्गानं. पोलादपूरच्या पुढे कशेडीचा बोगदा घ्या, जुना घाट नको. चिपळूणला मुक्काम. सकाळी कराड रस्ता. साधारण वीस किलोमीटरवर पोफळी.

इथे निराश होऊ नका. खोपोलीसारखे नळ दिसणार नाहीत. पहिल्या दोन टप्प्यांचं वीजघर अख्खंच्या अख्खं डोंगराच्या पोटात आहे. बाहेरून दिसतं ते स्विचयार्ड, तारांचे मनोरे आणि वापरलेलं पाणी. ते पाणीही थेट नदीला जात नाही. जवळच कोळकेवाडीचं धरण त्याला अडवतं आणि तिसऱ्या टप्प्याची ३२० मेगावॉटची यंत्रं त्यावर पुन्हा फिरतात. मग वाशिष्ठी. सगळे टप्पे मिळून १९६० मेगावॉट, त्यात एकट्या चौथ्याचे हजार.

चौथ्या टप्प्यासाठी धरण रिकामं न करता तलावाला खालून भोक पाडलं. बोगदा तलावाच्या तळाखाली आणायचा, शेवटचा काही मीटर खडक बुचासारखा ठेवायचा, उडालेले तुकडे सामावायला आधीच खड्डा खणायचा आणि मग एका स्फोटात बूच उडवायचं. १३ मार्च १९९९ ला हे झालं. २५ एप्रिल २०१२ ला पुन्हा.

पेल्टनराव

कोयनानगरला नेहरू उद्यानातून धरणाची भिंत समोर दिसते. भिंतीच्या बाहेरच्या अंगाला उतार जिथे एकदम बदलतो ती पातळी शोधा. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपात भिंतीला तडे गेले ते नेमके तिथे. वरचा भाग उभट, खालचा पसरट. हादऱ्यात वरचा भाग झुलला आणि ताण त्या सांध्यावर साठला. नंतर काँक्रीटचे आधार देऊन भिंत जाड केली. १०३ मीटर उंचीच्या भिंतीनं एवढा धक्का सोसून पाणी धरून ठेवलं, म्हणून जगभरचे धरणवाले या एका रेषेचा अभ्यास करतात.

मावळकन्या

कुंभार्लीत मालवाहू ट्रक फार. वळणावर ट्रक आपल्या बाजूला येणार हे धरूनच चला, हॉर्न द्या आणि त्याची शेपटी वळून जाईपर्यंत थांबा. कड्याच्या बाजूला घुसायला जागा आहे असं वाटतं, नसते.

सातारी तिखट

कराडला प्रीतिसंगम करा, कोयनेचं न वळवलेलं पाणी तिथे कृष्णेला मिळतं. पण तिथेच मागे फिरू नका. कराडचं रेल्वे स्टेशन ज्या ओगलेवाडीत आहे, ती ओगले बंधूंच्या काचकारखान्यामुळे वसलेली. प्रभाकर कंदील तिथला. विजेच्या वाटेवर निघालेल्या माणसांनी शेवटी कंदिलाच्या गावाला जाणं शोभून दिसतं, कारण ज्या खेड्यांवरून त्या तारा गेल्या त्यांच्या घरात पुढची कित्येक वर्षं हाच कंदील होता.

आणखी चाळीसेक किलोमीटरवर, ताकारीवरून, किर्लोस्करवाडी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर वसवलेली. सुरुवात लोखंडी नांगरापासून. स्टेशनचं नाव आधी कुंडल रोड. जेवायला कराड-इस्लामपूर पट्ट्यातला अख्खा मसूर आणि भाकरी. इथे वडा मागू नये.

भाकरवडी

शेवटी टपरी सुचवली कुणीतरी. धागा सार्थकी.

नकाशेवाला

मूळ प्रश्न राहिलाच: वरून की खालून? तत्त्वज्ञान सोडा, ऊन बघा. खोपोली कड्याच्या पश्चिमेला. सकाळी दहापर्यंत तो सगळा उतार सावलीत असतो, नळ करड्या पट्ट्यांसारखे दिसतात. दुपारी तीननंतर ऊन समोरून पडतं. 

म्हणून मुंबईकरांनी पहिल्या दिवशी जेवून निघावं, साडेतीन-चारला खोपोली. एक्सप्रेसवे घेऊ नका, त्यावर थांबता येत नाही. जुन्या रस्त्यानं खोपोली गावात या, नाना फडणवीसांचा तलाव आणि महादेवाचं देऊळ तिथेच. मग शिंग्रोबा घाट. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचं देऊळ तिथे आहे. वाट दाखवून झाल्यावर त्यालाच मारला, अशी लोककथा. चालक अजूनही तिथे नाणं टाकून पुढे जातात. त्या वरचा अमृतांजन पूल मात्र शोधू नका, एप्रिल २०२० मध्ये पाडला.

दुसऱ्या दिवशी सातला लोणावळा सोडा. टाकी तिथेच भरा, पुढे विळ्यापर्यंत पंपाच्या भरवशावर राहू नका. घुसळखांबला फाटा आहे: डावी वाट तुंग-पवनेकडे, तुम्हाला सालतर-भांबर्ड्याची हवी. रेंज जाते, नकाशा आधीच उतरवून ठेवा. लोणावळा ते निवे अंतर पन्नास-साठच, पण अडीच तास धरा, रस्ता मधेमधे उखडलेला असतो.

पुणेकरांना उलट सोयीचं: कराडकडून सुरू करा, शेवटच्या दुपारी शिंग्रोबा उतरून खोपोली.

मुळशीचा ढग

मार्च-एप्रिलात जाणार असाल तर भिरा दुपारी टाळा. मार्च २०१७ मध्ये तिथे ४६.५ अंश नोंदले गेले होते. तिन्ही बाजूंनी डोंगर, वारा नाही.

चार्जर शोधतोय

४६.५ ला बॅटरी काय म्हणेल?

तिसरा गिअर

चार्जिंगचा वेग स्वतःच कमी करेल आणि पंखा सुरू ठेवेल. भर उन्हात लावून ठेवू नका, रात्री लावा.

उतारावरचा दगड

ठरलं. नोव्हेंबरचा दुसरा आठवडा, खोपोली दुपारी साडेतीन. भिवपुरी गाळतोय, नाहीतर पहिला दिवस कर्जतलाच संपेल. ओगलेवाडी घातली. चौथ्या दिवशी चिपळूणहून सहाला निघालं तर किर्लोस्करवाडी दोनपर्यंत होईल का?

वाशिष्ठीकाठ

सहाला नको, कुंभार्लीत धुकं असतं. साडेसातला निघा. कोयनानगर दीड तास, उद्यानात तास, कराड साडेअकरा-बारा. मसूर खाऊन दोनला ओगलेवाडी, किर्लोस्करवाडी साडेतीन. परत पुण्याला त्याच रात्री जायचं असेल तर साडेचारला गाडी वळवा, साताऱ्यापुढे खंबाटकीला रविवारी संध्याकाळी रांग लागते.

भाकरवडी

रविवार टाळून सोमवारी परता. रजेच्या अर्जात 'पाण्याच्या मागे होतो' लिहा.